धुऱ्याकडचा कापूस

दर रविवारी सकाळी मोठेबाबांचा फोन यायचा. उपासना आटोपून घरी पोचले, चहा झाला की लगेच. "गेलता का रे देवळात?" मी आर्णीला विजेच्या सामानाचं दुकान चालवतो आणि रविवारी उशिरापर्यंत झोपतो, त्यामुळे उत्तर आदल्या रात्रीच तयार ठेवावं लागे. पाद्रीसाहेब कशावर बोलले हेही ते विचारत, म्हणून विषयही तयार असे. बहुतेकदा 'प्रीती'. प्रीतीवर कोणीही, कधीही बोलू शकतं. दीडेक महिन्यापूर्वी एका रविवारी फोन जरा लवकर वाजला. डोळे न उघडताच मी म्हणालो, "हो, गेलतो. प्रीतीवर बोलले." पलीकडे माझा चुलतभाऊ विजय होता. "दादा, बाबा गेले," तो म्हणाला. "पहाटे, झोपेतच..." तयार ठेवलेलं उत्तर वाया जाण्याची माझी ती पहिलीच वेळ.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शमुवेल. पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला त्यांचं कापसाचं शेत आणि गावात पत्र्याचं छप्पर असलेलं आमचं छोटं देऊळ. मुलांचा रविवारचा वर्ग तेच घेत. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही बसायचो. ते हातानं कापसातली सरकी काढत आणि जुन्या करारातल्या गोष्टी सांगत. अब्राहाम, मोशे, दावीद सगळे त्यांच्या तोंडून वऱ्हाडीच बोलायचे. त्यांची आवडती गोष्ट शौल राजाची. देवानं सांगितलं होतं, शत्रूचं काहीही आपल्याकडे ठेवू नको. शौलानं चांगली चांगली मेंढरं राखून ठेवली, आणि संदेष्टा शमुवेल आला तेव्हा छाती काढून म्हणाला, मी सगळं देवाच्या सांगण्याप्रमाणे केलं. "मंग शमुवेलानं काय विचारलं?" मोठेबाबा थांबत. आम्ही ओरडायचो, "मंग हे मेंढरं कुठं ओरडून राह्यली?" नाताळात या गोष्टीचं नाटक होई. मी ओळीनं कितीतरी वर्षं त्यात मेंढरू होतो. राजाचं काम एकदा मागितलं, तर म्हणाले, "तुह्या आवाजात मेंढरूच आहे बाबू, मी काय करू?"

शौल म्हणतो, ती मेंढरं तर देवाला अर्पण करायलाच ठेवली. इथे मोठेबाबा हातातली सरकी खाली ठेवत. "देव उपाशी हाये का? त्याले तुह्या मेंढराची चरबी कायले पाहिजे? त्यानं सांगतलं तेवढं ऐकलं असतं, तर झालं नसतं का?"

देवानं सांगितलेल्यातली एक गोष्ट ते दरवर्षी अक्षरशः पाळत. इस्राएल लोकांना आज्ञा होती, शेताची कड कापू नका. ती गरिबाची, विधवेची, परक्याची. मोठेबाबांच्या शेतात गहू कधी नव्हताच, म्हणून त्यांनी ती आज्ञा कापसाला लावली. धुऱ्यालगतच्या, म्हणजे बांधाकडच्या, दोन ओळी आमच्या घरचं कोणी वेचायचं नाही. त्या वेचायला जंगलाकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, लक्ष्मीबाई येई. नवरा गेलेला, पोरी लहान. तिला ना अब्राहाम ठाऊक, ना मोशे. कमरेला कापूस भरायची ओटी बांधून यायची, वेचायची, मोठीआईनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, दिलेला चहा प्यायची आणि जायची. तिला कोणी बोलावत नसे, की आभार मानायला लावत नसे.

मग ती बोंडअळीची वर्षं आली. एका हंगामात तर हिरवीगार झाडं आणि बोंड फोडलं की आत काळा गाळ, असं शेतच्या शेत गेलं. नेमक्या धुऱ्याकडच्या त्या दोन ओळी तेवढ्या वाचल्या. काहून, ते कोणालाच कळलं नाही. मोठेबाबांचं डोकं बहुधा तिथेच फिरलं. हंगामाच्या उपकारस्तुतीला आमच्याकडे प्रत्येक जण आपलं पहिलं पीक देवळात आणतो. आजवर सगळ्यात पांढरा कापूस शमुवेलकाकांचा, ही गावाची सवय. त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या ओळी वेचल्या, धुतलेल्या धोतरात गाठोडं बांधलं आणि वेदीपुढे नेऊन ठेवलं.

त्या रविवारी मी हजर होतो. खरंच होतो. पपया, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेला एक कोंबडा, आणि मध्ये ते गाठोडं... लोक वळून वळून बघत होते. इतक्या वाईट साली असा कापूस. मोठेबाबा मान खाली घालून बसले होते, पण ती मान नम्रतेची नव्हती, हे मोठीआईला कळत होतं. लक्ष्मीबाई आदल्या दिवशी ओटी बांधून धुऱ्यापर्यंत आली, रिकाम्या झाडांकडे बघत उभी राहिली आणि तशीच परत गेली, हे मोठीआईनं पाहिलं होतं. गाणं संपलं, प्रार्थनेला सगळे उभे राहिले, तेव्हा ती बायकांच्या बाजूनं जरा वाकली आणि हळूच म्हणाली, "आयकू येते का? मेंढरं ओरडून राह्यली तुमची."

मोठेबाबा प्रार्थना चालू असतानाच पुढे गेले आणि गाठोडं उचललं. पाद्रीसाहेबांनी डोळे उघडले. "काका, अर्पण परत नेता?"

"अर्पण नाही साहेब, दुसऱ्याचं हाये." आणि दारापाशी वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मायबापानं नाव शमुवेल ठेवलं, पन म्या काम शौलाचं केलं."

गाठोडं धरायला म्हणून मी मागे निघालो. त्यांनी धरू दिलं नाही. पोडावर लक्ष्मीबाई दारात तूर पाखडत होती. गाठोडं पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं. "यंदा तुम्हीच वेचला का जी? मले सांगतलं असतं, मी आली असती." मोठेबाबांनी गाठोडं तिच्या दारात ठेवलं आणि वळले. परतीच्या वाटेवर ते एवढंच म्हणाले, "तिनं शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं रे."

त्यानंतर त्यांनी शौलाची गोष्ट सांगायचं सोडलं नाही. फक्त शेवटी हा शमुवेलही त्यात यायला लागला.

परवा गावी गेलो होतो. त्यांच्या खोलीत खुंटीला टोपी आणि खिडकीत चष्मा तसाच. संध्याकाळी मोठीआईबरोबर शेतात गेलो. मधलं सगळं वेचून झालेलं. धुऱ्यालगतच्या दोन ओळी तेवढ्या पांढऱ्याशुभ्र उभ्या. विजयनं वेचणाऱ्या बायांना काही सांगितलं नव्हतं म्हणे. त्या आपोआपच अलीकडे थांबल्या. एक चांगलं फुटलेलं बोंड पाहून मी हात पुढे केला.

"काय करतं?"

"एकच घेतो मोठीआई. त्यांच्या फोटोपाशी ठेवीन."

ती धुऱ्यावर बसली होती, उठलीसुद्धा नाही. "ठेव ना," ती म्हणाली, "पन आधी त्या फोटोवाल्याले इचार."

मी हात मागे घेतला. लक्ष्मीबाईची धाकटी पोरगी, आता चांगली बाई झालेली, कमरेला ओटी बांधत पोडाकडून येत होती.