मावसाजींचा ढोल

आमच्या मावसाजींना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, या जगातली कुठलीही गोष्ट बिघडलेली चालत असे, एक ताल सोडून. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर ते शेजारी बसून निवांत तंबाखू मळत. भाजीत मीठ जास्त पडलं तर तांब्याभर पाणी पिऊन गप्प राहत. पण शेजारची बाई कांडताना मुसळ अर्ध्या ठोक्यानं जरी मागेपुढे झालं, तरी यांच्या घशाखाली घास उतरत नसे. बुलढाण्याजवळच्या धाड गावात त्यांचा भाजीचा मळा होता. डोक्याला पटका, कपाळाला गंध, मारुतीच्या देवळात शनिवारचं तेल न चुकता. आणि असा हा माणूस बुलढाण्याच्या एका लहानशा चर्चमध्ये दर नाताळाला पोटावर मोठा ढोल बांधून उभा असे. हे मी परगावच्या माणसाला सांगतो तेव्हा दोनदा सांगावं लागतं.

नवं राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडचे म्हातारे अजून 'नागपूरचं सरकार' असंच म्हणत. मावसाजी आठवड्याच्या बाजाराला एसटीच्या टपावर वांग्या-मेथीच्या टोपल्या टाकून बुलढाण्याला जात. बाजाराच्या वाटेवर ते चर्च होतं आणि आत नाताळाच्या गाण्यांची तालीम चाले. पेटीवर तिथल्या शाळेतले एक मास्तर, आणि ढोलावर दवाखान्यातले कंपाउंडर. हे कंपाउंडर स्वभावानं इतके गरीब होते की ढोलालाही लागू नये अशा बेतानं ते काठी टेकवत. पहिल्या आठवड्याला मावसाजी कुंपणाशी थांबले, दुसऱ्या आठवड्याला पायरीपर्यंत गेले आणि तिसऱ्या आठवड्याला टोपली डोक्यावर तशीच ठेवून आत शिरले. म्हणाले, "मास्तर, माफी करा. पण हा भाऊ ढोल वाजवून नाही राह्यला, ढोलाले इचारून राह्यला." मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. कंपाउंडरांनी मात्र सुटल्यासारखा श्वास टाकला, गळ्यातला पट्टा काढून मावसाजींच्या गळ्यात घातला आणि त्यांच्यासाठी स्वतः चहा सांगायला गेले.

तेव्हापासून ते चर्च वेगानं चालू लागलं. मावसाजींचं एक तत्त्वज्ञान होतं आणि त्यावर ब्रह्मदेव आला तरी ते वाद घालत नसत: "गाणं कधी हळू नसते बे, वाजवणारा हळू असते." त्यामुळे जी गाणी म्हणताना म्हाताऱ्या बायांचा डोळा लागायचा, ती आता त्यांना पदर खोचून म्हणावी लागत. पाळकसाहेबांनी, म्हणजे तिथल्या पाद्रींनी, एकदा दबकत सांगितलं, की उपासना पाव तास आधीच संपते आहे. लोकांना हे कळल्यावर गर्दी थोडी वाढलीच. गाण्याचे शब्द काय आहेत, हे मावसाजींनी कधी विचारलं नाही. "शब्द तुमचे, ठोका माह्या," एवढीच वाटणी. गाण्यांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक 'भरल्या बंडीचं', म्हणजे लादलेल्या बैलगाडीच्या चालीचं, एक 'रिकाम्या बंडीचं', एक 'पावनं आल्याचं'. मास्तरही पुढेपुढे "आता रिकाम्या बंडीचं घेऊ" असं बिनदिक्कत म्हणू लागले.

ठोकून पाहणं हा तर त्यांचा स्वभावच झाला होता. कोहळं घेताना ठोकत, दार उघडण्याआधी ठोकत आणि आत आल्यावर पुन्हा एकदा ठोकत. मला ताप आला तेव्हा त्यांनी पाठीवर दोन बोटं वाजवून "छातीत कफ नाही, आवाज भरीव हाय" असं निदान केलं होतं. डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, फक्त सुई टोचून.

गावातही त्यांचा एक हौशी बाजा होता. शिंप्याचं क्लॅरिनेट, किराणावाल्याची झांज, दोन भावांचे ताशे, आणि मधे मावसाजींचा स्वतःचा ढोल. आसपासच्या खेड्यांतल्या लग्नांत हे लोक जेवणावारी वाजवत. अडचण एकच होती, शिंप्याला चाली दोनच येत. त्यातली एक आरतीची. मग मावसाजी चर्चमधून चाली आणू लागले. बसमध्ये गुणगुणत यायचे आणि उतरल्याबरोबर शिंप्याच्या मशीनशी बसून त्याला त्या घोटवायचे. अशीच एक चाल त्यांना फार आवडली. मास्तर ती मुलांना शिकवत होते आणि सगळे इतक्या संथपणे म्हणत होते की मावसाजींना राहवेना. बिचारं गाणं वाजवणाऱ्यांच्या हाती सापडून मरगळलंय, असं त्यांचं ठाम मत झालं. त्यांनी ते घरी आणून दुप्पट पळवलं. काय सांगू, वरातीतली घोडी नाचायची त्या चालीवर! तीन वर्षं आमच्या भागातलं एक लग्न त्या चालीशिवाय लागलं नाही.

माझ्या ताईच्या लग्नाला मावसाजींनी मास्तरांना आग्रहानं बोलावलं. मास्तर आले. वरात मारुतीच्या देवळापाशी वळली, शिंप्यानं ती चाल धरली आणि मास्तरांनी एकदम टोपी काढली. ते रस्त्याच्या कडेला मान खाली घालून, हात जोडून उभे राहिले. नवरदेवाचा एवढा मान राखणारा माणूस आमच्या गावानं पाहिला नव्हता. त्यांचं पाहून आणखी चौघांनी टोप्या काढल्या, आणि आमच्या आजोबांनी तर पटका सोडवायला घेतला होता.

पंगतीत मी वाढत होतो, म्हणून पुढचं माझ्या कानावर पडलं. मास्तर हळूच म्हणाले, "काका, राग मानू नका. पण ते गाणं आम्ही मातीच्या वेळी म्हणतो."

"कोणत्या मातीच्या?"

"माणूस गेल्यावर. पुरताना."

मावसाजींच्या हातातला बुंदीचा लाडू ताटात पडला. मला ते एवढंच म्हणाले, "कोणाले सांगू नको बे." आणि तसेच हात धुवायला उठले.

कोणी दुसरा असता तर हसून सोडून दिलं असतं. मीच किती हसलो होतो त्या रात्री! मावसाजी मात्र दुसऱ्या दिवसापासून सायकलला भाजीची पिशवी अडकवून गावोगाव हिंडू लागले. तीन वर्षांत ज्यांच्या ज्यांच्या वरातीत त्यांनी ते गाणं वाजवलं होतं, त्या प्रत्येक घरी जायचं, ओट्यावर टेकायचं आणि नवरा-बायको धड आहेत ना, हे डोळ्यांनी पाहायचं. कारण कोणालाच सांगता येत नव्हतं. लोकांना वाटलं, मावसाजी निवडणुकीला उभे राहतात की काय. ताईच्या घरी ते गेले तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी विचारलं, "भांडता काय एकमेकांशी?"

"रोज," ताई म्हणाली.

"मंग ठीक हाय," असं म्हणून त्यांनी केवढा तरी सुस्कारा सोडला आणि दोन गड्ड्या मेथी जास्त काढून ठेवली.

सगळ्या घरी सगळं ठीक होतं. एका घरी नव्हतं. आमच्या पलीकडच्याच गावची एक पोरगी. तिच्या लग्नाला वर्ष झालं नाही तोच विहिरीच्या खोदकामात दरड कोसळून तिचा नवरा गेला होता आणि ती माहेरी परत आली होती. मावसाजींना ही बातमी तेव्हाच कळली होती, पण तेव्हा ती नुसती बातमी होती. आता ते तिच्या दारापर्यंत गेले, भाजी ओट्यावर ठेवली आणि एक शब्द न बोलता परत आले. आल्यावर त्यांनी ढोल कडब्याच्या खोलीत टाकला. चर्चमध्ये जाणंही थांबवलं. मावशी, जिनं जन्मभर त्या ढोलाला शिव्या दिल्या, ती माझ्या आईजवळ डोळ्याला पदर लावून म्हणाली, "बाई, आता ते कोहळंबी ठोकत नाहीत."

नाताळ जवळ आला तसे मास्तर स्वतः धाडला आले. त्यांनी परोपरीनं सांगितलं, की ते गाणं अशुभ नाही. लेकरू थकून बापाच्या घरी चाललंय, एवढाच त्याचा अर्थ आहे. मावसाजी ऐकून घेऊन म्हणाले, "तेच तर. पोरगी नवऱ्याच्या घरी चालली होती, अन् मी तिले बापाच्या घरी धाडलं." शेवटी मास्तर म्हणाले, "काका, चूक माझ्यापाशी किंवा देवापाशी कबूल करून तुम्हाला झोप येणार नाही. तिलाच जाऊन सांगा."

मावसाजी गेले. या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. ती पोरगी ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "काका, दरड काय गाण्यानं पडते? माह्या लग्नात सगळे मानपानासाठी भांडून राह्यले होते. तुमचा बाजा तेवढा चांगला होता." पुढे म्हणाली, "आता माह्या पाट ठरला. त्याले बाजा नसते. तेवढंच वाईट वाटते."

विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणत. पाटाला मांडव नाही, वरात नाही, बाजा तर नाहीच. अंधार पडल्यावर चार माणसांत उरकायचं, आणि सवाशिणींनी ते तोंड पाहू नये म्हणून गल्लीतली दारं लावून घ्यायची. पण मावसाजींनी दोन्ही घरच्या कर्त्यांची अशी मनधरणी केली की ते दिवसाउजेडी पाट लावायला कबूल झाले. 'होऊन जाऊ द्या एकदा,' म्हणजे हा म्हातारा उठून जाईल, असं त्यांना वाटलं असावं. शिंप्यानं मात्र क्लॅरिनेट आणायला चक्क नकार दिला, बाकीचेही मागे सरले. मावसाजी म्हणाले, "बरंच झालं. सूरच नाही तर चूक कोठून होईन?" त्यांनी कडब्यातून ढोल काढला, झटकला, उन्हात तापवला आणि एकटेच निघाले. गावाच्या वेशीवर बुलढाण्याचे मास्तर उभे होते. पेटी नको हे त्यांना कोणीतरी कळवलं असावं, कारण त्यांच्या हातात झांज होती.

मी तेव्हा अकोल्याला परीक्षेच्या अभ्यासात होतो आणि गेलो नाही. परीक्षा पुढे पुन्हा देता आली असती, हे कळायला मला फार वर्षं लागली. मावशी गेली होती. तिनं सांगितलं, की एक गंधवाला आणि एक चर्चमधला असे दोन म्हातारे भर दुपारी गल्लीतून वाजवत चालले होते आणि मागून नवरी चालली होती. ढोल ऐकून पोरं धावत आली, पोरांना ओढून न्यायला बाया बाहेर आल्या आणि आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या. कोणी दार लावलं नाही. नवरीनं आधी मान खाली घातली होती, ती नव्या घराच्या उंबऱ्याशी पोहोचेपर्यंत वर झाली होती. आणि मावसाजी त्या दिवशी फार हळू वाजवत होते म्हणे. मी विचारलं, काऊन? मावशी म्हणाली, "तिले घाई नव्हती न बापा. तिले सगळ्या गावाले दिसायचं होतं."