जिचं कोकरू तिला

दुधनीहून पत्र आलं, बिराप्पामामा गेल्याचं. शाळेतून येऊन टोपीही काढली नव्हती. पत्र हातात घेऊन तसाच बसून राहिलो… त्याला महिना झाला. लिहायला आज बसतोय.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मेंढरं राखायचे. संध्याकाळी कळप चरून आला की जाळीच्या कुंपणात मागं ठेवलेली साठ-सत्तर कोकरं एकदम कालवा करायची. त्या गलक्यात मामा एकेक कोकरू उचलून नेमकं त्याच्या आईखाली सोडत. मला सगळी सारखीच दिसत. आणि मी कोण, तर सोलापुरात गिरणीकामगारांच्या मुलांना शिकवणारा मास्तर! वर्ष सरत आलं तरी वर्गातल्या निम्म्या मुलांची नावं मला हजेरीपट बघितल्याशिवाय सांगता येत नसत.

एकदा न राहवून विचारलं, "मामा, तुमच्या एवढं ध्यानात कसं ऱ्हातं? माजं डोस्कंच कच्चं हाय बगा."

मामा हसले. "डोस्क्याचं काय न्हाय, मास्तर. मी इसरलो तर कोकरू उपाशी मरतंय. तू इसरलास तर काय मरतंय?"

राग आला, खोटं कशाला सांगू? पण बोलणं डोक्यातून जाईना. विसरून माझं काही बिघडत नव्हतं, एवढंच खरं होतं. सोमवारी हजेरी घेताना प्रत्येक नावाला मान वर करून बघितलं. काही मुलं दचकलीच.

पुढं मामांचंच ध्यान कमी होत गेलं. एका संध्याकाळी, मी तिथंच होतो, त्यांनी भलत्याच मेंढीखाली कोकरू सोडलं. मेंढीनं हुंगलं आणि लाथ मारली. मामांनी तिथल्या तिथं काठी सुनेच्या हातात दिली. "हिनं लाथ मारली म्हणून कळलं. हितनं फुडं तूच बग." जन्मभराचं काम इतक्या निमूटपणे सोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

शेवटची भेट गेल्या उन्हाळ्यातली. स्टेशनावरून चालत पोचलो. मामा लिंबाखाली बसले होते. माझं नाव सांगितलं, आईचं सांगितलं… काही उपयोग झाला नाही. मला रडू आवरेना. मामा माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिले आणि सुनेला हाक मारली.

"कोन हाय, आटवंना बग. पर ह्येनं सकाळधरनं काय खाल्लेलं न्हाय. आदी ह्येला भाकर वाड."

मी खरंच उपाशी होतो.