फसवून उघडलेलं दार

माझा मामा बाळकुमचा. लहानपणी मिठागरावर राबलेला, पुढे ठाण्यातल्या एका कारखान्यात नोकरी केलेला, आणि शनिवारी-रविवारी हॅट घालून, गिटार घेऊन ब्लूज-रॉक गाणारा. हॉटेलांत, कॉलेजांच्या गॅदरिंगांत, जिथे बोलावतील तिथे. आवाज असा खरबरीत, की गावातले म्हणायचे, याचा गळा मिठागरावर वाळत घातलेला, काढायचा राहिला.

ब्लूज म्हणजे काय, हे मी कॉलेजात असताना त्याने मला सांगितलेलं. "बायको सोडून गेली, गाडी चुकली, खिशात काय नाय, तरी ताल सोडाचा नाय. त्याला ब्लूज बोलतात."

मामी शेजारी सुकट निवडत बसलेली. हात न थांबवता मला म्हणाली, "बायको कुठं गेलीय? ही काय, बसलीय. मंग कनाला रडतो यो?"

मामा उठून आतल्या खोलीत गेला, दार लावलं आणि इंग्रजीत रडायला लागला.

त्याच्या बँडमध्ये मी खंजिरी वाजवायचो. खंजिरी म्हणजे आपली भजनातली नव्हे, इंग्रजी पद्धतीची, झांजा लावलेली. बाकी कुठलंच वाद्य मला येत नव्हतं आणि भाच्याला नाही म्हणणं मामाला येत नव्हतं. स्टेजवर जिथे दिवा पोचत नाही ती जागा माझी. पण हॅट मीही घालायचो. आमच्या घरी त्या हॅटचा एक फोटो आहे. पाहुणे आले की बायको तो आवर्जून दाखवते आणि पाहुण्यांना हसू आवरेपर्यंत पाणी देत नाही.

मामी गेली आणि मामाचं गाणं बंद झालं. खरंच रडायची वेळ आली तेव्हा इंग्रजी त्याच्या उपयोगाला आली नाही. मी रविवारी डोंबिवलीहून जायचो. तो गॅलरीत बसलेला असायचा. त्यांच्या जुन्या घराच्या जागेवर आता टॉवर झालाय आणि मामाला त्यातच वरचा फ्लॅट मिळालाय. मी गिटारीचा विषय काढला की म्हणायचा, "तारा गंजल्या." नव्या तारा आणतो म्हटलं तर म्हणायचा, "नको. चहा घे."

आणि मग मागच्या उन्हाळ्यात त्याचा फोन. "भाच्या, अल्बम करतोय. खंजिरी शोध."

सत्तरी ओलांडलेला माणूस अल्बम करतोय याचं मला काही वाटलं नाही. त्याला अजून माझी गरज आहे, याने मात्र छाती फुगली. मी माळ्यावर चढायला स्टूल घेतलं. "खंजिरी वर आहे, बरोबर," बायको म्हणाली, "पण तिथे चढायचं तुझं वय खाली राहिलं." शेवटी तीच चढली.

मी गाडी काढून बाळकुमला गेलो, मामाला घेतलं आणि आल्या वाटेने उलटा कल्याणला निघालो. तेव्हा कुठे लक्षात आलं, की खंजिरीपेक्षा गाडीची गरज जास्त असावी. त्याच्याकडे फक्त एक पाण्याची बाटली होती.

"गिटार?"

"नाय आनली."

"मग गाणार काय?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "धवले."

मी गाडी बाजूलाच घेतली. धवले म्हणजे आमच्याकडची लग्नातली गाणी. भटजींचे मंत्र नंतर, आधी धवलारीन बाई हवी. ती गाण्यातून देवांना आवतण देते, गावच्या शिवेला देते, आणि घरातली जी माणसं आता नाहीत त्यांनाही एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. आमची मामी नावाजलेली धवलारीन होती. पार खाडीपलीकडून तिला बोलावणी यायची.

"पण तुला कुठे येतात धवले?"

"ती बाहेरच्या खोलीत म्हनायची ना. मी आत असायचो." तो म्हणाला, "दार लावलेला. जेवढा आत आला, तेवढा येतो."

कल्याणला एका घाऊक धान्याच्या दुकानावर स्टुडिओ होता. तिथला रेकॉर्डिंगवाला एरवी हळदीची नाचाची गाणी करतो. मामाचं ऐकून तो गोंधळला.

"काका, बीट टाकू ना?"

"नको."

"थोडासा?"

"नको."

"मग लोक नाचतील कशावर?"

"नाचाला कोन सांगतो?"

आणि मामा गायला लागला. सगळी हयात घसा ताणणारा माणूस, कोणी शेजारी झोपलंय अशा बेताने गात होता. शब्द मामीचे, पण सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर घसरत न्यायची खोड त्याची स्वतःची. जिथे शब्द माहीत नव्हते तिथे तो नुसता हुंकारत पुढे जायचा, आणि त्या हुंकारातून मला ती बाहेरची खोली दिसायला लागली, सुपात तांदूळ पाखडणारी मामी, आणि मध्ये ते बंद दार. मी खंजिरी वाजवायचंच विसरलो. रेकॉर्डिंगवाला नंतर म्हणाला, तेवढ्या भागात तुमची साथ फार छान झाली.

तीन-चार रविवार असे गेले. शेवटचा धवला उरला, घरातल्या गेलेल्यांना बोलावण्याचा. मामाने बापाचं नाव घेतलं, आईचं घेतलं, थोरल्या भावाचं घेतलं. पुढचं नाव मामीचं. आणि तो थांबला.

परत घेतलं. परत तिथेच थांबला.

"काका, एक नाव राहतंय बहुतेक," रेकॉर्डिंगवाला माइकवरून म्हणाला.

मला वाटलं, वयामुळे आठवत नसेल. मी वाकून हळूच म्हटलं, "मामा, मी सांगू का?"

"गप रं. तिचा नाव तू मला सांगतंस?"

"मग घे ना."

"कवा घेतला नाय." तो म्हणाला. "तोंडाला सवय नाय."

हे खरंच होतं. मामा तिला आयुष्यभर 'अगो' म्हणाला. आमच्यात त्या पिढीचं तसंच. मी तरी काय मोठा लागून गेलोय, बायकोला नावाने हाक मारली तर ती 'काय हरवलं?' विचारत येते. पण मामाचं प्रकरण वेगळं होतं. इंग्रजी गाण्यांत गोऱ्या बायकांच्या नावाने तो बेंबीच्या देठापासून ओरडायचा. आणि लग्नात, नव्या नवरीला घेऊन दारात आला तेव्हा, बायकांनी रीतसर दार अडवलं. नाव घ्या, मग आत या. मामाला लाजेने घाम फुटला, आणि त्याने नावाऐवजी एक इंग्रजी गाणंच ठोकून दिलं. बायकांना ओ की ठो कळलं नाही. एवढ्या लांबलचक गाण्यात नाव कुठे तरी असणारच, असं समजून त्यांनी दार सोडलं. मामीला मात्र कळलं होतं, नाव त्यात नव्हतंच. भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवट ठरलेला असायचा. ती मला साक्षीला धरून म्हणायची, "तुझा मामा दारातून फसवून आत आलाय. त्याचा घरात येना अजून बाकी हाय."

स्टुडिओत मामा पाणी प्यायला. म्हणाला, "हिथं नाय होनार. दार पायजे."

रेकॉर्डिंगवाल्याने स्टुडिओच्या दाराकडे बोट केलं.

"हा नाय. घरचा."

पुढच्या रविवारी मी आणि रेकॉर्डिंगवाला मशीन आणि माइक घेऊन बाळकुमला गेलो. लग्नात अडवलेल्या त्या दाराचं घर पाडून कैक वर्षं झालेली, पण त्याची चौकट मामाने बिल्डरशी वाद घालून फ्लॅटला बसवून घेतली होती. जुनं सागवान, वर डोअरबेल. मामाने हॅट घातलेली, मामी गेल्यानंतर पहिल्यांदाच. तो चौकटीबाहेर उभा राहिला. मी खंजिरी घेऊन जिन्यापाशी, नेहमीप्रमाणे दिवा पोचत नाही तिथे.

बापाचं नाव झालं. आईचं, भावाचं झालं. मामाने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मागे लिफ्ट येऊन थांबली. आतली बाई म्हणाली, "कृपया दरवाजा बंद करें."

लिफ्टमध्ये कोणीही नव्हतं. रेकॉर्डिंगवाल्याने कपाळाला हात लावला. मामा मात्र हसला. किती तरी दिवसांनी हसला. "बघ," मला म्हणाला, "अजून रागावलीय."

पुन्हा सुरुवातीपासून. देव झाले, शीव झाली, बाप, आई, भाऊ. मग सूर नव्हताच. बाजारातून आलेला माणूस उंबऱ्याबाहेरून आत हाक मारतो तशी, साध्या आवाजात, मामाने मामीला नावाने हाक मारली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. एवढ्या वर्षांनी त्याने घेतलं, ते त्याच्याच तोंडी राहू दे.

हाक घरात गेली. स्वयंपाकघरापर्यंत गेली असावी. मामाने हॅट काढली, चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेला. आम्ही बाहेर तसेच. रेकॉर्डिंगवाला बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने दबक्या आवाजात विचारलं, "काका, कट करू?"

आतून मामा म्हणाला, "थांब जरा. तिची भाकर असंल तव्यावर. परतून ईल."

अल्बम आता फोनवर कोणालाही ऐकता येतो. माझी खंजिरी त्यात कुठेच नाही. रेकॉर्डिंगवाल्याने ती काढून टाकली आणि मला सांगायचं टाळलं. शेवटच्या गाण्यात हाकेनंतर काहीच नाही, कोणाचं बोलणंही नाही, फक्त शांत घर. मामाने ते कापू दिलं नाही. नातेवाईकांचे फोन मात्र मला येतात. परवा मावशी म्हणाली, "अरे, तुझ्या मामाचं गाणं मध्येच बंद पडतं. नेट गेलं की काय बघते, तर तेही नाही."

मी म्हटलं, "बंद नाही पडत, मावशी. थोडी थांब."

"किती थांबू?"

खरं तर मलाही माहीत नाही. मीही दर वेळी थांबतो.