सीडी लावून बघितलेले लॅपटॉप

लग्नानंतर सात वर्षांनी मी शिरूरहून दौंडला माहेरी परत आले, तेव्हा बरोबर दोन बॅगा होत्या. कॉम्प्युटर शिरूरलाच राहिला. घेतला दोघांनी मिळून होता, वापरायचे मात्र मी. शिरूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत होते. माझ्या नोट्स, प्रश्नपत्रिका आणि खेड्यातल्या मुलांसाठी सोप्या मराठीत लिहायला घेतलेलं एक अर्धवट पुस्तक, सगळं त्याच्यावर होतं.

दोन महिन्यांनी नवऱ्यानं तो टेम्पोतून पाठवून दिला. मी वायरी जोडल्या, चालू केला. विंडोज नव्यानं टाकलेलं होतं. पडद्यावर हिरवी टेकडी, निळं आभाळ आणि कोपऱ्यात रिकामी कचरापेटी. माझं एकही फोल्डर नव्हतं. मी त्याला फोन केला.

"व्हायरस आला होता," तो म्हणाला. "फॉरमॅट मारावं लागलं."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. आई दारात उभी होती. तिला वाटलं असावं, मी आता रडेन. मलाही तसंच वाटलं होतं. पण रडू आलंच नाही. आईनं जेवायला वाढलं, मी दोन भाकरी खाल्ल्या. भाजी कसली होती ते संध्याकाळी आईनं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

ते दिवस सगळेच तसे होते. सकाळच्या एसटीनं शिरूरला जायचं, शिकवायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. कुणी काही बोललं तर ऐकू यायचं, पण शेजारच्या घरात बोलत असल्यासारखं. दौंडला लोडशेडिंग इतकं होतं की मी घरी पोचायचे आणि वीज जायची. त्यामुळे टेबलावरच्या कॉम्प्युटरचा उपयोग नव्हता. बरोबर नेता येईल आणि बॅटरीवर चालेल असं काहीतरी हवं होतं, हे मला हिशेबानं कळत होतं. हौस म्हणून काही नव्हती.

लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमची, सीडी क्लासमध्ये आधीपासून होती. परदेशातून फुकट पोस्टानं यायची. वर्षभरापूर्वी मी ती लावून बघितली होती आणि सोडून दिली होती, कारण माझ्या जुन्या फायलींतली मराठी अक्षरं तिच्यात उघडताना सगळी कचरा व्हायची. माणसं नव्या सिस्टिमवर जात नाहीत ती बहुतेक या एका कारणानं. मागचं सगळं बरोबर न्यायचं असतं. मला आता न्यायचंच काही नव्हतं. क्लासच्या सरांना विचारून मी सीडी पर्समध्ये टाकली.

अडचण एवढीच की सगळ्याच लॅपटॉपवर लिनक्स नीट चालायचं नाही. एखाद्याचा आवाज येत नसे, एखाद्याचं इंटरनेट लागत नसे. पण ही सीडी अशी होती की मशीनमधल्या डिस्कला हात न लावता सीडीवरूनच सगळं चालू व्हायचं. म्हणजे घेण्याआधी दुकानातच लावून बघता येणार होतं. मी एका कागदावर लिहून काढलं: पडदा, आवाज, पेन ड्राइव्ह, वायरीचं इंटरनेट, मराठी अक्षरं, झाकण लावून पुन्हा उघडणं.

शिरूरच्या दुकानात काचेच्या कपाटात एकच लॅपटॉप होता. दुकानदारानं सीडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि परत दिली. "मॅडम, बाहेरची सीडी आम्ही घालू देत न्हाई." मी वाद घातला नाही.

मग एका रविवारी आई विहारात गेल्यावर आबा म्हणाले, "चल, पुण्याला जाऊ. मी येतो." आबा म्हणजे माझे वडील. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांची तीस वर्षं गेली होती. मी घरी परत आल्यापासून त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतंय असं त्यांनी कधी दाखवलंही नाही. आम्ही शटलनं पुण्याला गेलो. खिडकीतून उसाची शेतं मागं जात होती. आबा पेपर वाचत होते. मी कागद उघडून बघत होते आणि घडी घालत होते.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. विक्रीला उभा असलेला माणूस सीडीकडे बघून हसला. "हे काय आहे ते मलाही बघायचंय," म्हणाला आणि त्यानं तीन लॅपटॉप काढले.

मी पहिला उघडायच्या आत आबांनी तो एका हातानं उचलला, थोडा वर-खाली केला. "दोन किलोला थोडा कमी," म्हणाले. दुसरा उचलला. "ह्यो तीनच्या जवळ जातोय." तिसरा उचलून म्हणाले, "अडीच." विक्रेत्यानं वजनं लिहिलेले कागद काढून बघितले आणि आबांना बसायला खुर्ची दिली.

"पहिला घे," आबा म्हणाले. "रोज एसटीत न्यायचाय."

पहिल्यात सीडी लावली. पडदा आला, आवाज आला, इंटरनेट लागलं. मराठीत एक ओळ टाइप केली, जोडाक्षरं नीट उमटली. मग मी झाकण लावलं, मनात दहा आकडे मोजले आणि उघडलं. पडदा काळाच. बटण दाबलं. आत पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता, पण पडदा काही उजळला नाही. विक्रेता म्हणाला, "थांबा, येईल." आम्ही थांबलो. मी हात मांडीवर ठेवून त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. किती वेळ, माहीत नाही. दुकानात दुसरं काही आहे हेच मी विसरले होते.

"बाई," आबा म्हणाले.

मी वर बघितलं.

"उठंना व्हय ते?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे. दुसरं बघ."

एवढंच. त्यांनी स्वतःच तो उचलून बाजूला ठेवला आणि अडीच किलोचा माझ्यासमोर सरकवला. त्यावर आवाज थोडा खरखरत होता, बाकी सगळं चाललं. झाकण तीनदा लावलं, तीनदा उघडलं. तिन्ही वेळा माझी मराठी ओळ जिथं सोडली तिथंच होती. मी तोच घेतला. विक्रेता म्हणाला, "यातलं विंडोज काढून टाकणार? ओरिजिनल आहे, मॅडम." मी हो म्हणाले. आबांनी बॅग खांद्याला अडकवली आणि दौंडला उतरेपर्यंत माझ्याकडे दिली नाही.

दुसऱ्या दिवशी वीज असताना मी लिनक्स कायमचं टाकलं. मग दीडेक महिना सगळं सुरळीत चाललं, आणि क्लासच्या प्रिंटरनं दगा दिला. माझ्या लॅपटॉपवरून तो कागद घ्यायचा, ओढायचा आणि कोराच बाहेर टाकायचा. आठ दिवस मी त्याच्यामागे होते. नवव्या दिवशी तसाच एक कोरा कागद आला आणि मी प्रिंटरच्या झाकणावर हाताची मूठ आपटली. मग पुन्हा आपटली. क्लासमधल्या दुसऱ्या मॅडम धावत आल्या.

"अहो, प्रिंटरच आहे तो," त्या म्हणाल्या.

"नवऱ्यानं माझं पुस्तक पुसलं," मी म्हणाले. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आबांनाही नाही. मॅडमनी दार लोटलं, मला खुर्चीत बसवलं आणि खालून चहा मागवला. चहा गरम होता आणि खूप गोड होता, हे मला कळलं.

पुस्तक मी परत लिहिलं नाही. त्यातलं जेवढं आठवत होतं त्याच्या नोट्स करून मुलांना वाटल्या. घटस्फोट दोन वर्षांनी झाला. तोवर दौंडच्याच एका शाळेत मला कॉम्प्युटर शिकवायची नोकरी लागली आणि शिरूरची एसटी सुटली. क्लासचा प्रिंटर माझ्या लॅपटॉपवरून शेवटपर्यंत चालला नाही. क्लास सुटेपर्यंत मी फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मॅडमच्या मशीनवरून छापायचे.