तीनदा झटकून बघणारी सिंधू

शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी गॅलरीत बसून एक दगड सोडला. सोडला म्हणजे टाकून दिला नाही. मी त्याला तांब्याची तार गुंडाळून गळ्यात घालायचं पेंडल केलं होतं. सिंधूनं ते दोऱ्यात ओवलं, परातीवर धरलं आणि तीनदा झटकलं. पहिल्या झटक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला दगड जरा हलला. तिसऱ्याला टणकन परातीत. "पडला," ती म्हणाली, "सोडा." मी वेढे उलगडले. तिनं तार फडक्यात धरून ओढून सरळ केली आणि परत माझ्या हातात दिली. मग आम्ही मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी खाल्ली. पहाटे उठवायला गेलो तर सिंधू उठली नाही.

झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले. सदुसष्ट वर्षांची होती. त्याचं रडगाणं मी इथं गाणार नाही. ती कशी होती ते सांगतो, कारण ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांचं नुकसान झालंय.

सिंधू दगड चाटायची. रस्त्यानं जाताना एखादी गारगोटी दिसली की उचलायची, पदरानं पुसायची आणि जिभेला लावायची. नाशिक रोड स्टेशनबाहेर भर गर्दीत मी तिला हे करताना पाहिलंय. लग्न नवं होतं तेव्हा मला लाज वाटायची. ती म्हणायची, "सुका दगड लबाड असतो. ओला झाला की खरा रंग दाखवतो." तिचा बाप सिन्नरकडं विहिरी खोदायच्या कामावर होता. तिथला काळा पाषाण फोडला की कधी कधी आत पोकळी निघते आणि तीत पांढरे, हिरवट खडे चमकतात. बाप ते धोतराच्या सोग्यात बांधून आणायचा. दुसऱ्या पोरींकडं बाहुल्या होत्या, हिच्याकडं खडे. माझ्या घरी येताना तिनं पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी आणि शेरभर दगड आणले. माझी आई म्हणाली, सून आणली का खाण आणली.

मी पाचवीपर्यंत शिकलेला. सगळा जन्म मोटारी भरण्यात गेला. द्राक्षवाल्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली की ती माझ्या दुकानात यायची. जळालेली तार काढायची, नवी भरायची. तांब्याची तार मला माझ्या बोटांसारखी ठाऊक. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी सिंधू म्हणाली, की वरच्या मजल्यावरची प्रज्ञा तारेत दगड गुंडाळून दागिने करायला शिकवते, मी बुधवारी दुपारी जाणार, तेव्हा मी हसलो. तारेचं शिकायला वर कशाला जातेस, मी मेलोय का, असं म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही मोटारी भरता. मोटार कुणी गळ्यात घालत नाय."

तिचे गुडघे दुखायचे म्हणून पहिल्या दिवशी जिना चढवायला मी बरोबर गेलो. आत चार बायका चटईवर बसलेल्या. प्रज्ञा, तिशीतली पोरगी, पक्कड कशी धरायची ते दाखवत होती. मी चपला घालून परत निघायचं, तर दारातच उभा. एक बाई तारेला गाठ मारायला निघाली. माझ्यानं राहवलं नाही. तांब्याला गाठ मारायची नसते बाई, तुटतं, असं मी बाहेरून ओरडलो. प्रज्ञा म्हणाली, काका, आत या, बसा. सिंधूनं कपाळाला हात लावला. "आले ते आले," ती बायकांना म्हणाली, "आता यांना कुणी काही विचारू नका, नायतर संध्याकाळ होईल."

तिचा पहिला दगड तीन बुधवार चालला. चिंचोक्याएवढी तपकिरी गारगोटी, मध्ये पांढरी रेघ. तीन तारा शेजारी शेजारी ठेवून मधोमध बारीक तारेनं बांधायच्या, त्यांची पट्टी दगडाच्या कडेनं फिरवायची, वर पिळायची, मग एकेक तार पुढं-मागं जरा ओढून दगडावर आणायची, म्हणजे दगड पिंजऱ्यात बसतो. ऐकायला सोपं. तिनं कितीदा केलं आणि मोडलं ते मी मोजलं नाही. तिसऱ्या बुधवारी वरून माझ्या नावानं हाक आली. नवऱ्याचं नाव कधी न घेतलेली बाई, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली. मला वाटलं पडली. धावत वर गेलो तर ती चटईवर उभी, दुखरे गुडघे विसरून, हातात दोरा आणि दोऱ्याला लटकलेला दगड. "धरला तारेनं! बघा, झटकते." तीनदा झटकला. पडला नाही. ती झटकायची रीत तिची स्वतःची. पुढं प्रज्ञानंही तीच धरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. सत्तरीच्या माणसाचं काळीज असं धडधडावं असं त्यात काय होतं, देव जाणे.

मग घरात दगडांचं राज्य आलं. मी जुन्या अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटारीवर प्लॅस्टिकची बरणी आडवी बसवली. तीत गारगोट्या, पाणी आणि घासायची पूड टाकून ती फिरवत ठेवायची, म्हणजे दगडांना चकाकी येते. चार-चार आठवडे बरणी फिरायची. खालच्या बिऱ्हाडातले विचारायला आले की तुमच्याकडं पिठाची गिरणी काढली का. बरणी उघडायच्या दिवशी आम्ही दोघं सकाळपासून अस्वस्थ. चहा गार व्हायचा. पाणी ओतलं की खालून निघायचे मधासारखे, राखेसारखे, एखादा जास्वंदीसारखा. सिंधू एकेक धुऊन पदरावर ठेवायची. आता चाटायची गरज नाही, मी म्हणालो. तरी तिनं एक चाटलाच.

तिनं केलेलं एकही पेंडल तिच्या गळ्यात राहिलं नाही. भाजीवालीला दिलं, प्रज्ञाला दिलं, लेकीला पुण्याला पाठवलं, बँकेतल्या पोरीनं छान आहे म्हटलं तर तिथंच काढून दिलं. मी वैतागलो. एखादं स्वतःला ठेव की, म्हणालो. तेव्हा ती भांडी घासत होती. वळलीसुद्धा नाही.

"चाळीस वर्षं लोकांच्या मोटारी भरल्यात," ती म्हणाली. "माझ्यासाठी एक दगड बांधा. तो घालीन."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. ज्या माणसानं दिवसाला दोन मोटारी भरल्या, त्यानं बायकोला हातानं काही म्हणून करून दिलं नव्हतं. साडी आणली असेल, ती दुकानातली. मी म्हणालो, तासाभरात देतो. ती म्हणाली, तीन झटके खाल्ले पाहिजेत.

तासाभरात काय, महिन्याभरात झालं नाही. मोटारीत तार जितकी आवळाल तितकं काम पक्कं. तिथं लोखंडाची खाच तारेला धरते. गुळगुळीत दगडाला खाच कुठली? मी सवयीनं ओढायचो, आणि जितकं ओढावं तितका दगड बोटांतून सटकायचा, जांभळाच्या बीसारखा. एक तर उडून शेजारच्यांच्या तुळशीत गेला. सिंधू हसून हसून खाली बसली. मी चिडलो, पक्कड टाकली. हा पोरींचा खेळ आहे, म्हणालो. तिनं पक्कड उचलून परत माझ्या हातात दिली.

"आपली पोर लहान होती तेव्हा कडेवर कशी घ्यायचा?" तिनं विचारलं. "पडणार नाय इतकी धरायची. रडंल इतकी नाय."

समजलं मला तेव्हाच. हाताला समजलं नाही. डोक्यातून मनगटात उतरायला रस्ता लांब आहे, त्यातून माझं मनगट म्हणजे मोटारवाल्याचं. सहावा पडला, सातवा पडला. मग मी लबाडी केली. मोटार भरून झाली की ती वार्निशमध्ये बुडवतात आणि भाजतात. तारेचे वेढे एकमेकांना चिकटून दगडासारखे होतात, पुन्हा हलत नाहीत. जुन्या दुकानातला डबा घरी होताच. आठवा दगड मी गुपचूप वार्निशमध्ये बुडवला, गच्चीवर उन्हात ठेवला, दोन दिवस तिला पत्ता लागू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ऐटीत दोऱ्यात ओवून दिला.

तिनं झटकला. एकदा, दोनदा, तीनदा. पडला नाही. मी छाती काढून उभा. तिनं दगड नाकाजवळ नेला. मग नखानं तार खरवडली. नखाखाली पिवळा पापुद्रा आला.

"हे काय मोटार हाय?" एवढंच म्हणाली. त्या दिवशी ताट वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती रॉकेलच्या फडक्यानं तो दगड पुसत बसलेली, वार्निश निघेपर्यंत. निघालं तसा दगड सुटला. तो तिनं माझ्यासमोर ठेवला. माझ्यासाठी करताय ना, म्हणाली, मग चिकटवू नका, बांधा. पुन्हा त्यावर कधी बोलली नाही. कुणाला सांगितलंही नाही, नाहीतर प्रज्ञाच्या चटईवर माझं पार हसं झालं असतं.

त्यानंतर मात्र मजा आली. नववा पहिल्याच झटक्याला पडला, पण दहावा दुसऱ्याला. मी पहाटे उठून बसायला लागलो. दात घासताना बोटं आपोआप वेढे घालायची. प्रज्ञाला जिन्यात अडवून पट्टी कुठून फिरवू ते विचारायचो. ती म्हणायची, काका, तुम्ही काकूंपेक्षा जास्त पेटलात. खरंच पेटलो होतो. आयुष्यात मला कामाचा कंटाळा नव्हता, पण कामाची वाट बघणं काय असतं ते बाहत्तराव्या वर्षी कळलं. ते सिंधूनं कळवलं. अकरावा, तो शेवटच्या संध्याकाळचा, तिसऱ्या झटक्याला पडला तेव्हा दोघांनाही वाटलं की आता झालंच. ती भाकरी थापताना स्वतःशी गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर भरलं. लेक पुण्याहून निघाली होती, तिच्यासाठी थांबायचं ठरलं. बायका आत सिंधूजवळ बसल्या. मला कुणी काही काम सांगेना. मी गॅलरीत गेलो. परात होती, तार होती, दगड होता. बसलो.

सिंधूचा भाऊ सिन्नरहून आलेला. तो दारात येऊन म्हणाला, "दाजी, हे काय मांडलंय? लोक बघतायत." बघू दे, म्हणालो. सुतक आहे, तो म्हणाला. आहे ना, मी म्हणालो, मला माहीत आहे. तो आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि माझ्याशेजारी खाली बसला.

तीन तारा शेजारी ठेवल्या. मधोमध बांधल्या. पट्टी दगडाच्या कडेनं फिरवली. हातात जोर असा नव्हताच. तार ओढायला गेलो तर बोटं ऐकेनात. जेवढं जमलं तेवढंच आवळलं, वर पिळलं, कडी केली, तारेची टोकं आत दाबली. भावाला म्हणालो, परात धर. त्यानं ती धरली, मी दगड दोऱ्यात ओवला. मी झटकला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जोरात झटकला, तिनं झटकला असता त्याहून जोरात. भाऊ परातीकडं बघत राहिला. परात रिकामी.

वेढे वाकडे होते. एक बाजू दुसरीपेक्षा जाड होती. तिनं ते दाखवलंच असतं.

लेक आली, सिंधूची आंघोळ झाली, तिला हिरवी साडी नेसवली. मी आत गेलो आणि पेंडल तिच्या गळ्यात बांधलं. अमरधामला, स्मशानात, गेल्यावर गुरुजी म्हणाले, अंगावरचं काढून घ्या. लेकीनं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या. मग तिचा हात त्या दोऱ्याकडं गेला. मी तो धरला आणि बाजूला केला.