पालखीपुरता दम

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्हा भावंडांचा वाद चालला होता. एकाचं म्हणणं, जिममध्ये वजनं उचलली की कार्डिओ त्यातच होतं, वेगळं धावायला नको. दुसऱ्याचं म्हणणं, ही आळशी माणसाची पळवाट आहे. शेवटी निकाल माझ्यावर सोपवलात आणि तेवढ्यात तुमचं नेट गेलं. म्हणून लिहूनच पाठवते. हाच वाद तुमच्या आजोबांनी आमच्या रत्नागिरीच्या घरात एक अख्खा हिवाळा घातला होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कार्डिओ हा शब्द तेव्हा आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हता. आजोबा दोनच शब्द वापरायचे, ताकद आणि दम.

आजोबा तेव्हा पन्नाशीला टेकले होते आणि बांधकाम खात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. सकाळी माझी पोळ्यांची घाई सुरू झाली की मागच्या पडवीत त्यांचे जोर आणि बैठका सुरू होत. ते झालं की अंगणात उतरून चिरा उचलायचा. चिरा म्हणजे आपल्याकडच्या जांभ्या दगडाचा घर बांधायचा ठोकळा. घर बांधून उरलेले काही चिरे कुंपणाशी पडून होते. त्यातला एक छातीपर्यंत उचलायचा, श्वास कोंडून धरायचा आणि धप्पकन खाली ठेवायचा. मग शेजारच्या काकांशी गप्पा. हे काका जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये काम करून घरी परतले होते आणि आता त्यांना दिवसभर बोलायला माणूस लागे. जगातल्या सगळ्या बंदरांच्या हकिकती आमच्या कुंपणावरून ऐकल्या जात, आणि चिरा वाट बघत बसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर आजोबा बाजारातून पायी घरी येताना आमच्या चढावर थांबले आणि एका घराच्या भिंतीला टेकून उभे राहिले. ओठ पांढरे पडले होते. थोड्या वेळाने सगळं ठीक झालं, पण मी त्यांना दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर घाटावरचे, नुकतेच रत्नागिरीत येऊन स्थायिक झालेले. दवाखाना माडीवर होता.

त्यांनी तपासलं, रक्तदाब वाढलेला निघाला. "व्यायाम करता?" त्यांनी विचारलं.

"रोज. जोर, बैठका, चिरा."

"आणि चालणं?"

"कचेरीत जातो की."

"चालत?"

"स्कूटरवर," मी सांगितलं.

डॉक्टर हसले. "तुमचे दंड पैलवानाचे आहेत. पण आमचा जिना चढून आलात तेव्हा भाताच्या गिरणीसारखे वाजत होतात. ताकद आहे, दम नाही."

आजोबांनी एवढंच विचारलं, "शिमग्याला पालखी घेता येईल ना?"

"पालखीबरोबर चालायचंच असतं ना? उत्तम. अवश्य चाला."

आजोबा लगेच उठून शर्टाची बटणं लावू लागले. मला अर्धवट वाक्य तसंच सोडता येत नाही, हा माझा शाळेतला स्वभाव. मी म्हटलं, "डॉक्टर, आमच्याकडे पालखी नुसती चालवत नाहीत. नाचवतात."

"नाचवतात म्हणजे?"

आता सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं असं आजोबांना वाटलं. त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल खांद्यावर घेतलं आणि तिथेच, तपासायच्या टेबलाभोवती, पालखी नाचवून दाखवली. डावीकडे झोक, उजवीकडे झोक, गुडघ्यात वाकून जमिनीपर्यंत खाली, पुन्हा वर आणि गिरकी. बाहेर बसलेले पेशंट दारात येऊन उभे राहिले. गिरकी संपली तेव्हा आजोबांना बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी स्टूल काढून घेतलं आणि त्यांची नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"हे चालायचं नाही," ते म्हणाले. "खऱ्या पालखीला तर वजनही असेल." मग आजोबांचं तोंड बघून त्यांनी जरा सौम्यपणे तोडगा काढला. शिमग्याला अवकाश आहे. गोळी घ्या, मीठ कमी करा, रोज सलग चाला. शिमग्याच्या आधी पुन्हा या. हेच स्टूल घेऊन नाचताना माझ्याशी नीट बोलता आलं तर पालखी घ्या. नाही आलं, तर हात जोडून दर्शन घ्या आणि घरी जा.

तुम्हाला वाटेल, एका वर्षी नाही घेतली तर काय बिघडलं. आपलं गाव पूर्णगडच्या वाटेवर, आणि शिमग्यात गावाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर येते, तेव्हा पुढच्या दांड्याला एक खांदा आपल्या घरचा असतो. तो मान आहे. आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर, त्या वर्षी ते येणार नव्हते. तुमचे बाबा तेव्हा लहान होते, आपल्या घरचा दुसरा मोठा पुरुष नव्हता. मान कुणी काढून घेतला नसता, भावकीतला कुणीतरी उभा राहिला असता. पण आजोबा शिकून शहरात आले, कचेरीत बसले, शेती दुसऱ्यांनी कसली. वर्षातून तेवढा एक दिवस दांड्याखाली उभं राहिलं की ते गावचे असत. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. पण दवाखान्यातून येताना ते स्कूटर इतकी हळू चालवत होते की मला समजलं.

दुसऱ्या दिवसापासून चालणं सुरू झालं. आणि तिथे आमच्या शहराची रीत आडवी आली. रत्नागिरीत तेव्हा माणूस उगाच चालत नसे. चालणाऱ्याला कुठेतरी जायचं असे. आजोबा कॅनव्हासचे बूट घालून निघाले की पहिल्याच घरातून, "काय हो, कुणीकडे?" "कुठे नाही, चालतोय." "कुठे नाही म्हणजे काय? सगळं बरं आहे ना घरी?" उत्तर न देता पुढे जाणं म्हणजे उद्धटपणा. मग थांबायचं, तब्येतीचं सांगायचं. ऐकणारा हळहळणार आणि चहा टाकायला सांगणार. तासाभराने आजोबा घरी येत ते दोन घरचा चहा पिऊन. चालणं गल्लीच्या टोकापर्यंतचं.

"त्यापेक्षा माझे जोर काय वाईट आहेत?" ते म्हणाले. "घाम येतो, छाती धडधडते. तुमच्या डॉक्टरांना धडधडच हवी ना?"

मला हे पटण्यासारखं वाटलं, म्हणून मी रविवारी पडवीत वह्या तपासायला बसले आणि मनगटी घड्याळ समोर ठेवलं. त्यांनी जोर काढले, छाती जोरात भरली. मग काकांनी कोलंबो बंदराचं काहीतरी काढलं. छाती शांत झाली. मग चिरा. मग पान. मग एडनच्या उन्हाळ्याची चर्चा. तासाभराच्या व्यायामात प्रत्यक्ष व्यायाम होता तो चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळाचा. बाकी सगळं भूगोल.

मी घड्याळ दाखवलं. आजोबा रुसले. काका मात्र म्हणाले, "वहिनी, इंजिनाचंही असंच असतं. सारखं बंद-चालू केलं की कोळसा जळतो, बोट हलत नाही."

"तुम्ही गप्प बसा हो," आजोबा म्हणाले. "तुमच्यामुळेच बंद पडतंय."

शेवटी मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं. वजन उचलण्याने दम वाढतो की नाही? तुमचा प्रश्न, फक्त शब्द वेगळे. त्यांनी जे सांगितलं ते मला अजून नीट आठवतं, कारण ते अगदी समजेल असं होतं. जड ओझं एकदा उचलून ठेवलं तर स्नायू कामाला लागतात, हृदय क्षणभर धावतं आणि बसतं. तेच ओझं हलकं केलं आणि न थांबता उचलत राहिलं, तर हृदयालाही तेवढा वेळ धावत राहावं लागतं, आणि मग ते काही अंशी चालण्यासारखंच. पण रक्तदाबाच्या माणसाने श्वास कोंडायचा नाही. श्वास वाढला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. आणि तरीही थोडं चालणं सोडू नका, म्हणाले. पायांनी लांबवर जाण्याची बरोबरी हातांना पुरती करता येत नाही.

हलकं ओझं म्हटल्यावर आजोबांचा चेहरा पडला. पण आमच्या मागच्या उतारावर कलमांची बाग होती, आणि तिचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, पावसाळ्यात एका बाजूने ढासळला होता. दरवर्षी गडी लावून तो रचून घेत असू. त्या वर्षी आजोबा म्हणाले, मी रचतो. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यात मोठे दगड निवडले, एकेक पोटाशी धरून वर आणला आणि प्रत्येक दगडानंतर आंब्याखाली बसले. मी स्वयंपाकघरातून सगळं बघत होते. घड्याळ तेवढं खिडकीत ठेवलं. ते त्यांना दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घमेलं काढलं. लहान दगड घमेल्यात भरायचे, चढ चढायचा, ओतायचे, परत खाली. काका कुंपणापाशी हजर होतेच.

"काय भाऊ, चिऱ्यावरून घमेल्यावर? ते बायकांचं काम."

हा टोमणा खरा लागणारा होता. आपल्याकडे घराच्या बांधकामावर पुरुष चिरा उचलतो आणि बाई घमेलं. आजोबा थबकले. मला वाटलं, संपलं आता. पण ते वर चढत चढतच म्हणाले, "पालखी... घेतो की नाही... बघा मग." वाक्य तुटलं होतं, पण पाय थांबले नव्हते. मी तव्यावरची पोळी उलटली.

तेव्हापासून रोज सकाळी घमेलं. जोर-बैठकाही त्यांनी सोडल्या नाहीत, पण आता एकामागून एक, मधे बंदरं न घेता. काकांनी तक्रार केली तेव्हा त्यांना अट घातली की गप्पा मारायच्या असतील तर घमेल्याबरोबर वर-खाली चालत मारायच्या. काका कुरकुरत चालू लागले. एडन, कोलंबो सगळं चढावरून होऊ लागलं.

उरलं चालणं. त्यावर उपाय त्यांनीच काढला. एका सकाळी पिशवी घेऊन ते मिरकरवाड्याला मासे आणायला पायी निघाले. आणि काय आश्चर्य, वाटेत कुणी थांबवलं नाही. मासळीला निघालेल्या माणसाला आमच्याकडे कुणी अडवत नाही. त्याला उशीर झाला आणि चांगले बांगडे गेले तर पाप कोण घेणार. येताना मात्र सगळे पिशवीत डोकावत, पण तेही चालता चालता, कारण मासे उन्हात ठेवायचे नसतात. त्या हिवाळ्यात आम्ही इतकं मासळीचं कालवण खाल्लं की तुमच्या बाबांनी एकदा वरण-भातासाठी हट्ट धरला.

शिमग्याच्या आधी आम्ही दवाखान्यात गेलो. जिना चढून आजोबा थेट खुर्चीत बसले नाहीत, उभे राहून नमस्कार केला. मग स्टूल खांद्यावर. आजोबा नाचत असतानाच डॉक्टरांनी विचारलं, "गडगा रचलात म्हणे, कसा रचतात हो?" आजोबांना तेवढंच पाहिजे होतं. खाली मोठे दगड का, मधे खपल्या कशा बसवायच्या, उताराला कल कुठे द्यायचा, सगळं सांगत ते टेबलाभोवती फिरत राहिले. श्वास वाढलेला होता, पण शब्द सुटे सुटे ऐकू येत होते.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "बाहेर पेशंट थांबलेत." नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला. पूर्वीपेक्षा बरा होता, अगदी उत्तम नव्हता. "घ्या पालखी. पण थोडाच वेळ. बोलता येईनासं झालं की त्या क्षणी बाहेर यायचं. तिथे मी नसणार आणि ढोल वाजत असणार. तेव्हा हे तुमचं तुम्हालाच कळायला हवं."

मला याच गोष्टीची काळजी होती. ढोल वाजू लागला की आमच्याकडच्या पुरुषांना काही कळत नाही.

पालखी आली तेव्हा सहाणेसमोर सगळा गाव होता. मुंबईचे चाकरमानी आले होते. आजोबा पुढच्या दांड्याखाली उभे राहिले तेव्हा भावकीतले एक म्हातारे ओरडले, "मेल्या, हापिसातली खुर्ची न्हाय ती. झेपंल का?"

"तुमी बगा तर," आजोबा म्हणाले. गावात आलं की त्यांची भाषाही बदलायची.

सहाणेवरून पालखी घरोघर जाते आणि आपलं गावचं घर सहाणेला लागूनच, त्याच्या अंगणाच्या कडेला मी आरतीचं ताट घेऊन बायकांमध्ये उभी होते. पालखी झुलली, खाली बसली, उठली. मी आजोबांच्या पायांकडे नाही, ओठांकडे बघत होते. शेजारच्या गड्याशी ते काहीतरी बोलत होते, हसत होते. गिरकी झाली. पुन्हा बोलले. ढोल वाढला, लोक हात वर करून ओरडू लागले, पालखी दुसऱ्यांदा जमिनीला टेकून वर आली आणि त्यांचे ओठ मिटले. मिटलेलेच राहिले. माझी हाक तिथे पोचली नसती, आणि पोचली असती तरी भर सहाणेवर मी ती मारली नसती.

त्यांनी एक झोक घेतला. मग बाजूला नाचणाऱ्या चुलत पुतण्याच्या दंडावर हात ठेवला, त्याला दांड्याखाली ओढलं आणि स्वतः बाहेर आले. कुणाला काही वाटलं नाही. खांदे बदलतच असतात. म्हातारे तेवढे म्हणाले, "बेस."

आजोबा गर्दीतून माझ्यापर्यंत आले. कपाळावर गुलाल आणि घाम. जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "आपल्या ओटीचा नारळ तू त्या टोपलीत ठेवलायस तिथून पोरं पळवतील, आधी उचल आणि पालखी आपल्या अंगणात यायच्या आत समई लाव."

अख्खं वाक्य, न थांबता. मी नारळ उचलला आणि समई लावायला आत गेले.