आठ बाय पाचमधले चौघे

"आठ बाय पाच फूट," कर्नलसाहेबांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "एंट्रन्स के ठीक सामने. अंदर आते ही दिखना चाहिए."

मी ऐकतच नव्हते. त्यांनी आणलेली निगेटिव्ह लाइट-टेबलवर ठेवून मी भिंगातून बघत होते. काय निगेटिव्ह होती! इतकी वर्षं ट्रंकेत पडून एक ओरखडा नाही. रायफलीच्या लाकडावरची रेघ न् रेघ दिसत होती. अशी निगेटिव्ह वर्षातून एकदा हाती आली तरी मी आठवडाभर खूश असते.

जुने फोटो स्कॅन करायचे, साफ करायचे आणि मोठी प्रिंटं काढून द्यायची, हा माझा धंदा. माहेर सांगली, नवरा सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात डॉक्टर, म्हणून मी चंदिगडची. या शहरात रिटायर्ड फौजी भरपूर, त्यामुळे माझ्याकडे काम भरपूर. कर्नलसाहेबांच्या पलटणीतली जुनी मंडळी एकाहत्तरच्या लढाईवर प्रदर्शन भरवत होती. शनिवारी सकाळी उद्घाटन होतं आणि आज मंगळवार होता.

निगेटिव्हवर काय होतं ते आता सांगते. शत्रूचे चार मेलेले सैनिक. खंदकाच्या काठाला ओळीने झोपवलेले, समोर त्यांच्याच रायफली मांडलेल्या. फोटो कर्नलसाहेबांनीच काढला होता, बाविसाव्या वर्षी.

"सर, चेहरे स्पष्ट दिसतायत. ब्लर करू का?" मी हिंदीत विचारलं.

"दुश्मन हैं, मैडम. ब्लर किसलिए? ये हमारी जीत की फोटो है."

क्लायंटला एकदा विचारलं, माझं काम झालं. मी स्कॅन सुरू केला.

स्कॅन झाला की मी आधी डस्ट फिल्टर चालवते. या सॉफ्टवेअरला बारीक पांढरे ठिपके दिसले की ते धूळ समजून पुसून टाकतं. तासांचं काम मिनिटात होतं. बुधवारी दुपारपर्यंत मी छोटं टेस्ट प्रिंटही काढलं आणि टेबलावर पसरून स्वतःच्याच कामावर खूश होत बसले.

तेवढ्यात सुरिंदरजी आल्या. पंचकुल्याहून, सत्तरीच्या, गुडघे धरत जिना चढून. त्यांचा मोठा भाऊ कर्नलसाहेबांच्याच पलटणीत होता. त्याच लढाईत बेपत्ता झाला. मेला म्हणून कळलं नाही, जिवंत म्हणूनही नाही. प्रदर्शनासाठी त्याचा एकुलता एक फोटो त्या स्वतः घेऊन आल्या होत्या, कुरियरवर विश्वास नाही म्हणून.

मी घाईघाईने टेस्ट प्रिंट उलटं करायला गेले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ना पुत्तर. देखने दे."

चष्मा लावून त्या चारही चेहऱ्यांकडे बघत राहिल्या. एकेका चेहऱ्यावर थांबत. मला वाटलं, यांना राग येईल, समाधान वाटेल, काहीतरी होईल.

"उधर भी किसी ने वीरजी की ऐसे ही खींची होगी," त्या म्हणाल्या. वीरजी म्हणजे त्यांचा तो मोठा भाऊ. "किसी दीवार पे लगी होगी. मैं तो वो भी देख लेती." मग प्रिंटवर बोट ठेवून म्हणाल्या, "इनके नाम क्या हैं?"

"पता नहीं, आंटीजी."

"किसी ने पूछा?"

त्या गेल्यावर मला कामच सुचेना. मी फोटो स्क्रीनवर घेतला आणि मोठा मोठा करत गेले. तिसऱ्या माणसाच्या शर्टाचं बटण उघडं होतं, गळ्यात दोरी होती. दोरीच्या टोकाला ओळख पटवायचा बिल्ला असतो, त्यावर सैनिकाचा नंबर ठोकलेला असतो. बिल्ला होता, पण गुळगुळीत. कोरा. बिल्ला कोरा कसा असेल?

मग लक्षात आलं. ठोकलेल्या अक्षरांच्या कडा उन्हात चमकतात. चमक म्हणजे पांढरे ठिपके. ते मीच पुसले होते!

मूळ स्कॅन जपून ठेवायची सवय आहे, म्हणून वाचले. तो उघडला, बिल्ल्यावर गेले, कॉन्ट्रास्ट वाढवला. एक आकडा दिसला. मग दुसरा. मी खुर्चीतून उठलेच! एकेक आकडा कागदावर उतरवत गेले. शेवटचा तेवढा तीन की आठ कळेना, बाकी सगळा नंबर लख्ख. मी नवऱ्याला फोन लावला.

"अरे, नंबर वाचता आला! जवळजवळ अख्खा नंबर!"

"कोणाचा गं?"

"त्या मेलेल्या..." मी मध्येच थांबले.

"मग नाचतेयस काय? कोणाला तरी सांगायला हवं ना ते," तो म्हणाला.

मी कर्नलसाहेबांना फोन केला. ते अर्ध्या तासात हजर. मी स्क्रीन दाखवली आणि फिल्टरची चूकही कबूल केली. मला वाटलं, ओरडतील. ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की काचेवर वाफ धरली.

"लिस्ट बनानी थी," ते म्हणाले. "दफनाने से पहले हर एक का बिल्ला देखकर नंबर लिखना, उधर भिजवाना. कायदा यही है. मुझे बोला गया था." त्यांनी स्क्रीनवरच्या बिल्ल्यावर बोट टेकवलं. "मैं कैमरा लेने चला गया."

मी सुरिंदरजींचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तीन है या आठ?"

"दोन्ही लिहू या, सर."

त्यांनी पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. दोन्ही नंबर, लढाई झाली त्या गावाचं नाव, पुरलं ती जागा, आणि सोबत बंद पाकिटात एक छोटं प्रिंट. ते दिल्लीला गेलं, बेपत्ता सैनिकांची माहिती पलीकडे पोचवणाऱ्यांकडे. उत्तर अजून आलेलं नाही.

शनिवारी आठ बाय पाचच्या जागेवर सुरिंदरजींचा भाऊ होता, एकोणीस वर्षांचा, पगडी जरा तिरकी. त्या समोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "इतना बड़ा तो ये कभी था ही नहीं." मी रडले, लाज वाटली नाही.

ते चौघे भिंतीवर गेले नाहीत. पण ती फाइल मी डिलीटही केलेली नाही. उद्या पलीकडून कोणी बहीण विचारत आली तर?

आणि डस्ट फिल्टर आता मी आपोआप चालवत नाही. वेळ लागतो, क्लायंट कुरकुरतात. कुरकुरू देत. धूळ कुठली आणि माणूस कुठला, हे आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.